निळ्या डोळ्यांचा निळू

मागच्या आठवड्यात आमचा निळू गेला. मोहाडीत, आमच्याच दारासमोर, भर दुपारी... शेजारच्या रामदासकाकांच्या ट्रॅक्टरखाली.

निळू म्हणजे आमचा डालमेशियन. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके आणि दोन्ही डोळे निळे. नागपूरच्या एका ओळखीच्यांनी तो फुकट दिला, तेव्हा मला लॉटरी लागल्यासारखं वाटलं. त्या डोळ्यांचे फोटो मी इथे किती टाकले, ते तुम्ही पाहिलेच आहेत.

फोटोत गुणी, घरात मात्र महाहट्टी. हाका मारून घसा कोरडा पडायचा, हा पाठ फिरवून बसलेला. मग बाबा चिडून त्याच्या समोरच्या बाजूला जाऊन हात उगारायचे... आणि हा शेपटी हलवत धावत यायचा. कधीकधी चापटही बसायची, तरी पुढच्या वेळी हात दिसला की पुन्हा हजर.

"याले माराचीच भाषा समजते," बाबा म्हणायचे. आम्ही हसायचो.

दिवाळीत गल्लीतली सगळी कुत्री फटाक्यांना घाबरून दडली. निळू अंगणात ढाराढूर. आमचा वाघ आहे म्हणून मी मिरवलं... किती मूर्ख होते मी!

त्या दिवशी तो रस्त्यावर ऊन खात झोपला होता. काका धानाची पोती घेऊन आले. आमच्याकडे हॉर्न वाजला की कुत्री आपोआप उठतात, त्यांच्यासाठी कुणी ब्रेक मारत नाही.

"किती हॉर्न मारला मी पोरी, उठूनच नाही राहिला," काका सांगत होते.

मी आणि बाबा त्याला दवाखान्यात घेऊन पळालो, पण तो टेबलावरच संपला. डॉक्टरांनी त्याचे डोळे पाहिले आणि विचारलं, "बहिरा होता काय हा?"

डालमेशियनमध्ये निळ्या डोळ्यांची पिल्लं बरेचदा बहिरी निघतात म्हणे. वर्षभर मी ते डोळे मिरवले, पण कानांचा विचार एकदाही केला नाही.

घरी आलो. मग बाबा ओसरीवर बसून स्वतःच्या हाताकडे बघत म्हणाले, "मी माराले हात उचलो, अन् त्याले वाटे का मी बलावून राहिलो."

रामदासकाका आता ट्रॅक्टर थांबवून, खाली उतरून कुत्री उठवतात. तेवढं तरी झालं.

माफ कर रे निळू. आम्ही तुला हट्टी म्हणत राहिलो... आणि तू मात्र हात दिसला की दर वेळी आलास.