देवाच्या नावावर मागितलेलं लोणचं

केरळातल्या पंपा नदीकाठच्या कृष्णाची गोष्ट तिथलं शेंबडं पोरही सांगेल. देव पुरात तराफ्यावर बसून आला, उपाशी होता. काठावरच्या एका म्हातारीनं तो मागेल ते वाढलं, म्हणून तो तिथंच राहिला. तेव्हापासून नवस बोलणारा देवळाच्या नावाड्यांना जेवू घालतो. ते गाऊन मागतील तो पदार्थ पानात पडलाच पाहिजे, कारण त्या दिवशी त्यांच्या तोंडून देव मागतो. नाही पडला, तर नवस बुडाला.

अच्युतन नायर देवळाच्या एका नावेवरचा गाणारा. गळा गोड, माणूस कडूजहर. त्याची मुलगी सरोजिनी नारळ पाडणाऱ्याच्या पोराशी लग्न करून नदीपलीकडे गेली, तेव्हा "मला मुलगी नाही" म्हणून मोकळा झाला. बायकोलाही बजावलं, "कार्त्यायनी, तिच्या उंबऱ्यावर पाय ठेवलास तर इथं परत येऊ नकोस." बिचारी कार्त्यायनी गेल्या वर्षी वारली.

यंदा सरोजिनीच्या लेकीला ताप धरला, काही केल्या उतरेना. तिनं नावाड्यांचं जेवण बोललं. वाट्याला आली नेमकी बापाचीच नाव.

पंगत सरोजिनीच्या अंगणात बसली, ती स्वतः वाढत होती. कुणी गाऊन पापड मागितले, कुणी पायसम. सगळं आलं. मग अच्युतननं सूर लावला: कार्त्यायनीच्या हातचं, धुरावर वाळवलेल्या कारल्यांचं लोणचं वाढ.

शेजारी बसलेला कुट्टप्पन हळूच म्हणाला, "अच्युतन चेट्टा, मेलेल्या माणसाच्या हातचं ती कुठून आणणार? पोर तापानं फणफणलीय. आता तरी राग सोडा की."

"मी कुठं मागतोय? देव मागतोय."

सरोजिनी आत गेली, बरणी घेऊन आली आणि वाढलं. अच्युतननं बोटानं चाखलं. चव कार्त्यायनीचीच.

"हे कुठून आलं?"

"अम्मानं दिलेलं. दर एकादशीला यायची. नातीला न्हाऊ घालायची, जेवू घालायची. ही तिची शेवटची बरणी, पोरीसाठी राखून ठेवली होती. आणखी वाढू?"

आता रिवाजाप्रमाणे गाणाऱ्यानं पोरीसाठी आशीर्वाद गायचा होता. सगळे अच्युतनकडे बघत राहिले, पण त्याचा आवाजच फुटेना. शेवटी कुट्टप्पननं गायला.

अच्युतन पानावर तसाच बसून राहिला. एकादशीला कार्त्यायनी 'देवळात जाऊन येते' म्हणून निघायची, आणि हा गावभर मिरवायचा, आमच्या हिच्यासारखी भक्ती कुणाची नाही. मरेपर्यंत ती देवाच्या नावावर त्याच्याशी खोटं बोलली. खरं बोलायची त्यानं सोयच ठेवली नव्हती.