हात पाठीमागे बांधून

पांढरकवड्याच्या एका दवाखान्यात मी सिकलसेलच्या रुग्णांच्या नोंदी ठेवते. या नोंदी कपाटातल्या एका पेटीत, दोन डिस्कवर असतात आणि तिथूनच सगळ्या संगणकांवर दिसतात. एका सकाळी वीज जाऊन आली आणि डिस्क एकाही संगणकावर दिसेनात. बाहेर बाकावर रक्त चढवायला आलेली मुलगी बसली होती. मागच्या वेळी तिला कोणतं रक्त सोसलं नव्हतं, ते त्या नोंदींतच होतं.

घाबरून मी एक डिस्क काढून माझ्या संगणकाला जोडली. पडद्यावर प्रश्न आला, फॉरमॅट करायची का? मी यवतमाळच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"म्याडम, माउसवरून हात काढा. काहीच दाबू नका. मी येऊन राह्यलो."

दीड तासाने तो आला. चाळिशीचा, बारीक माणूस. हात पाठीमागे बांधून त्याने पडदा दोनदा वाचला. "असं काहून?" मी विचारलं.

"एकदा म्या घाईत 'हो' दाबलं होतं. एका दवाखान्याचं सारं गेलं. तवापासून पयले वाचतो, मंगच हात लावतो."

त्याने पेटीची वीज बंद करून डिस्क जागेवर बसवली, पेटी पुन्हा चालू केली, मग वायरी तपासल्या. पेटी आणि संगणक जोडणाऱ्या नेटवर्कच्या डब्यातली एक खाच वीज येताना जळाली होती. वायर शेजारच्या खाचेत लावताच डिस्क दिसू लागल्या. मुलीची नोंद घेऊन मी डॉक्टरांकडे पळाले.

परतले तर तो सगळ्या नोंदींची वेगळी प्रत काढत बसला होता. चहाचा कप बाजूला ठेवून तो म्हणाला, "प्रत पुरी होऊ द्या म्याडम, मले अजूनबी भेव वाटते." जाणत्या माणसाला भीती वाटत नाही, असं मला तोवर वाटायचं.