फाटकाजवळचा निकाल

आमच्या भाईंदर पूर्वेच्या सोसायटीत जजसाहेब राहायला आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी दारावरची पाटी परत पाठवली. सेक्रेटरींनी हौसेने तीवर 'न्यायमूर्ती' कोरून आणलं होतं. "न्यायमूर्ती हायकोर्टात असतात," साहेब म्हणाले. "मी जिल्हा न्यायाधीश. तोही निवृत्त."

निवृत्त झाले तरी कज्जे सुटले नाहीत. टँकरचं पाणी आधी कुठल्या विंगला, गच्चीवर पापड कोणाचे, सगळं त्यांच्याकडे. बनियनवर खुर्चीत बसून ते फिर्याद शेवटपर्यंत ऐकत आणि म्हणत, "छान. आता ज्याच्याबद्दल बोललात त्याला पाठवा." निम्मी भांडणं तिथेच मिटत.

एकदाच चुकले. राई गावची हिराबाई आमच्या फाटकाशी मासे विकायला बसायची. वासाची तक्रार घेऊन सेक्रेटरी सह्यांसकट साहेबांकडे गेले. साहेबांना त्या दिवशी ताप होता. 'बसू नये' असं त्यांनी अर्जाखालीच लिहून दिलं. हिराबाई उठली. ताप उतरला तसे साहेब मला सोबत घेऊन रिक्षाने राईला गेले.

"तुमचं न ऐकताच निकाल दिला. आता सांगा."

"आता इचारता?" टोपली सरकवत ती म्हणाली. "तुमची बिल्डिंग न्हवती तवा माजी सासू तितंच बसायची. तवा कोनाला वास येत न्हवता."

परतल्यावर नोटीस बोर्डावर त्यांनी स्वहस्ते लिहिलं, 'माझा निकाल चुकीचा होता. रद्द.' मला म्हणाले, "वरच्या कोर्टाने माझे निकाल फिरवले, तेव्हा इतकं बरं कधी वाटलं नव्हतं."

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस साहेब गेले. शोकसभेत सेक्रेटरी त्यांच्या निःस्पृहतेवर पाऊण तास बोलले. मग ठराव आला: फाटकाशी साहेबांच्या नावाची संगमरवरी पाटी लावावी, आणि तिची शोभा राहावी म्हणून हिराबाईला हलवावं. हात वर जायला लागले.

"तिला विचारलं का?" मी म्हणालो.

वर गेलेले हात खाली आले. अखेर तिला बोलावलं. चपला बाहेर काढून ती दारातच उभी राहिली. सगळं ऐकून घेतलं.

"लावा की पाटी," पदराने डोळे पुसत ती म्हणाली. "मी खाली बसन. साहेबानला वास चालत व्हता."

हिराबाई तिथेच बसते. तिच्या डोक्यावर पाटी आहे, आणि पाटीवर ठळक अक्षरांत 'न्यायमूर्ती' आहे. ज्यांच्याबद्दल लिहिलं, त्यांना विचारायची सोय उरली नव्हती.