काचेतली बोट

एफीच्या अंत्यविधीआधी चर्चमधून एक तरुण बाई घरी आली होती. तिला त्या दिवशी चार शब्द बोलायचे होते, म्हणून ती विचारत होती, "कशा होत्या हो त्या? काय आवडायचं त्यांना?"

वॉटी लीपर खुर्चीत बसून बराच वेळ स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चहा कडक लागायचा."

बाईने मान हलवली आणि वाट पाहिली.

"आणि सीगल आवडायचे नाहीत," वॉटी म्हणाला. "एकदा हातातली मासळी पळवली होती एकाने."

पुढे त्याला काही सुचेना. जन्मभर जिच्याशी संसार केला तिच्याबद्दल आपल्याला सांगता येतं ते एवढंच, हे त्याला त्या परक्या मुलीसमोर कळलं आणि कानशिलं गरम झाली. ती बिचारी समजूतदार होती. म्हणाली, "हरकत नाही, आठवलं तर फोन करा." वॉटीने फोन केला नाही. त्याला आठवत होतं ते सगळं आदल्या वसंतातलं होतं, जेव्हा ती दोघं सुट्टीसाठी ॲबरडीनला गेली होती. पण ॲबरडीनची माणसं सुट्टीला ॲबरडीनला गेली, हे फोनवर कसं सांगायचं?

त्यात चूक तशी कोणाचीच नव्हती. वॉटी टोरीतला, ॲबरडीनच्या बंदराच्या दक्षिण काठावरचा. मिसरूड फुटायच्या आत तो मासेमारीच्या ट्रॉलरवर चढला. आइसलँडकडे, फेरो बेटांकडे, दर खेपेला आठवडेच्या आठवडे पाण्यावर. घरी यायचा तो दोन-तीन दिवसांसाठी, आणि त्यातले निम्मे झोपण्यात आणि उरलेले पबमध्ये जायचे. समुद्राच्या तळाशी कुठे खडक आहे, कुठे जाळं फाटतं, हे त्याला अंधारातही सांगता यायचं. शहरातल्या मुख्य रस्त्यावर, युनियन स्ट्रीटवर, मात्र तो वाट चुकायचा. मासेमारी बसली तेव्हा तो समुद्रातल्या तेलाच्या विहिरींना सामान पोचवणाऱ्या बोटींवर गेला. शेवटी निवृत्त होऊन घरी आला, तर घरात एक बाई होती, तिचं स्वतःचं वेळापत्रक होतं, आणि त्यात वॉटीला कुठे बसवायचं हे तिला समजत नव्हतं. निदान वॉटीला तसं वाटायचं. मग तो सकाळभर इतर म्हाताऱ्या खलाशांबरोबर बाकावर बसायचा.

टोरीतल्या बायका नवरा दर्यावर निघाला की दारात येत नाहीत. धक्क्यावर जायचं नाही, हात हलवायचा नाही, उंबरा ओलांडल्यावर मागून हाक मारायची नाही, बाहेर पडणाऱ्या बोटीकडे बघायचं नाही. त्या दिवशी कपडे भिजवायचे नाहीत. त्याने चहा प्यालेला कपसुद्धा विसळायचा नाही. धुतलं की माणूस धुऊन जातो. एफीने हे सगळं काटेकोर पाळलं. वॉटी दारातून म्हणायचा, "येतो गं." एफी चुलीकडून तोंड न वळवता म्हणायची, "हं."

रीत आहे हे वॉटीला माहीत होतं. तरीही इतर घरांतल्या बायका निदान पडद्याआडून बघत असतील, असं त्याला वाटे. एफीचं ते "हं" बुटातल्या खड्यासारखं बरीच वर्षं त्याच्याबरोबर हिंडलं. आपण गेलो काय, राहिलो काय, हिला काही फरक पडतो का? विचारायचं कसं, हे त्याला कधी जमलं नाही.

मग एफीच्या हृदयाची झडप बिघडली. त्यांची मुलगी रोना ऑस्ट्रेलियात असते. तिच्याकडे जायचं ठरलं होतं, बॅगा माळ्यावरून काढल्या होत्या, आणि डॉक्टर म्हणाले, विमानात बसायचं नाही. आधी ऑपरेशन. या वयात खात्री मात्र कसलीच देता येत नाही.

एफी घरी आली आणि बॅगांकडे बघत उभी राहिली.

"आता ह्या परत वर कोण चढवणार?"

"मी चढवतो."

"राहू दे. सुट्टीला जायचं म्हणजे जायचं. आपण ॲबरडीनला जाऊ."

"एफी, आपण ॲबरडीनमध्येच आहोत."

"तू टोरीत आहेस. ॲबरडीन तू बघितलंयस कुठे?"

म्हणून ती दोघं बॅगा घेऊन टॅक्सीने पूल ओलांडून बंदराच्या उत्तर तोंडाशी, फिटीला गेली. तिथल्या जुन्या कोळीवस्तीत मिसेस क्रुकशँक वरची खोली भाड्याने देते. वॉटीने मनाशी एक ठरवून ठेवलं होतं. घर हिने चालवलं, रोनाला हिने वाढवलं, वादळात दार हिने धरून ठेवलं. त्याबद्दल ऑपरेशनच्या आधी एकदा तरी हिचे आभार मानायचे. तोंडाने, शब्दांत. असा शब्द त्याने आयुष्यात तिच्यासाठी वापरला नव्हता, आणि आता वेळ थोडा होता.

"कुठे राहता आपण?" मिसेस क्रुकशँकने किल्ली देताना विचारलं.

"ते तिथे," एफीने खिडकीतून पाण्यापलीकडे बोट केलं. "पिवळा पडदा दिसतोय ना, ते."

मिसेस क्रुकशँकने पडद्याकडे बघितलं, मग बॅगांकडे. "घरात पाणी शिरलं का हो?"

"नाही."

"रंगकाम काढलंय?"

"सुट्टीवर आलोय," एफी म्हणाली.

मिसेस क्रुकशँक वॉटीकडे वळली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "सगळं ठीक आहे ना दोघांत?"

"तिचं ठीक आहे. मला ओढून आणलंय."

दुसऱ्या दिवशी न्याहारीला तिने खारट, चपट्या रोव्या, म्हणजे तिकडचे पाव, गरम करून आणल्या. टोरीत रोज सकाळी ज्या खाऊन माणसं कामाला जातात, त्याच. बशी ठेवताना म्हणाली, "आमच्याकडचा खास पदार्थ आहे. तुम्ही बाहेरची माणसं, सोसतो का बघा." एफी इतकी हसली की तिला धाप लागली, आणि तेव्हापासून दोघींचं जमलं.

घाई कसलीच नव्हती. एफीला चार पावलं चाललं की बसावं लागायचं, म्हणून ती दोघं चार पावलं चालत आणि बसत. पावसाची सर येऊन गेली की उन्हात तिथल्या घरांचा करडा दगड चमकतो. एफी म्हणायची, "बघ, बघ, आत्ता बघ," जणू तो तिने स्वतः घासून ठेवला होता. तिला सगळं ठाऊक होतं. कुठल्या बाकावर वारा लागत नाही, कुठल्या दुकानात सूप दाट मिळतं. वॉटी बॅग सांभाळत मागून चालायचा.

एका दुपारी तिने त्याला डथी पार्कच्या काचघरात नेलं. बाहेर गार वारं होतं, आत निवडुंग आणि ऊब. झारी घेतलेला एक पिकल्या मिशांचा माळी म्हणाला, "एफी! बऱ्याच दिवसांनी? आणि हे कोण?"

"हा माझा नवरा."

माळ्याने झारी खाली ठेवली. "म्हणजे खरंच आहे होय! आम्हाला वाटायचं तू बनवून सांगतेस."

"बनवायचाच असता तर जरा बरा बनवला असता," एफी म्हणाली.

माळी गेल्यावर वॉटीने विचारलं, "तू इथे यायचीस?"

"हिवाळ्यात. रोना लहान होती तेव्हापासून. घरचा कोळसा वाचायचा. ती मोठी झाली तरी सवय राहिली."

त्याच्या डोळ्यांसमोर बर्फाने जड झालेला डेक आला आणि त्याच वेळी इथे निवडुंगांत बसलेल्या या दोघी मायलेकी. त्याला वाटलं, हीच वेळ. तो खाकरला.

"एफी, मला जरा तुला एक..."

"लघवीला लागलीय का? ते बघ, दाराबाहेर उजवीकडे."

तिथे तो जाऊनच आला. नाही म्हणणं आणखी अवघड होतं.

पुढे एकदा चहाच्या दुकानात त्याने पुन्हा सुरुवात केली. या वेळी त्याने टोपीसुद्धा काढली होती. एफीने त्याच्याकडे नीट बघितलं आणि कप खाली ठेवला.

"वॉटी, टोपी घाल."

"ऐकून तर घे."

"नाही ऐकत. असलं बोलणं निघणारी माणसं बोलतात. आपल्यापैकी कोण निघालंय?"

"कोणीच नाही."

"मग घाल टोपी. आणि तो केक खा, नाहीतर मी खाईन."

वॉटीने टोपी घातली. आता आपल्याच्याने हे होणार नाही, असं त्याने मनात मान्य करून टाकलं.

सुट्टी संपत आली तेव्हा एफी फार लांब जाऊ शकत नव्हती. ती दोघं खोलीजवळच, बंदराच्या तोंडाशी जुनी आठकोनी चौकी आहे तिथपर्यंत गेली. पूर्वी तिथून बोटींना आत-बाहेर सोडायचे. तेवढ्यात तेलवाल्यांची एक मोठी बोट भोंगा वाजवत बाहेर निघाली. वॉटी सवयीने तिच्याकडे बघायला लागला. मग त्याच्या लक्षात आलं की एफी पाण्याकडे पाठ करून उभी आहे आणि चौकीच्या खिडकीत टक लावून बघतेय.

"आत काय आहे?"

"आत काही नाही."

"मग काय बघतेस?"

"तुला," एफी म्हणाली. मग बसायला जागा शोधून बसली आणि धाप ओसरल्यावर म्हणाली, "म्हणजे तेव्हा तुला. आत्ता हे लाल धूड जातंय ते."

वॉटी तिच्यामागे जाऊन वाकला. काचेत बंदराचं तोंड दिसत होतं, टोरीची घरं दिसत होती, आणि मधून ती लाल बोट हळूहळू सरकत होती, उलट्या दिशेने.

"तू इथे यायचीस?"

"दर खेपेला."

"टोरीतून? चालत?"

"पूल ओलांडून, सगळा वळसा घालून. तू धक्क्यावर दोरखंड सोडून बाहेर पडेपर्यंत मला वेळ मिळायचा. रोनाला शेजारी ठेवून यायचे. डोक्याला आईचा रुमाल, कोणी ओळखू नये म्हणून."

"आपल्या काठावरून दिसलं असतं की."

"आपल्या काठावर सगळ्यांच्या बायकांनी मला बघितलं असतं. लीपरची बायको बोटीकडे बघते म्हणून बोंब झाली असती. पुढे कोणाचं काही झालं असतं तर माझ्या नावावर."

वॉटी म्हणाला, "पण रीत तर तू मोडलीसच."

"मुळीच नाही," एफी ताठ बसली. "बोटीकडे बघायचं नाही अशी रीत आहे. मी बोटीकडे कधी बघितलं? मी काचेकडे बघितलं. काचेकडे बघायचं नाही, असं माझ्या आईने मला कधी सांगितलं नव्हतं."

"आणि घरातून निघताना नुसतं हं?"

"जास्त बोलले असते तर घसा दाटला असता. तू आधीच रडका."

"मी रडका?"

"मग आत्ता काय करतोयस?"

वॉटीने नाक पुसलं. वारा आहे, असं काहीतरी म्हणाला. मग तोही पाण्याकडे पाठ करून तिच्याशेजारी बसला, आणि दोघं काचेतली बोट नाहीशी होईपर्यंत बघत राहिली. बुटातला खडा निघाल्यावर पायाला वाटतं तसं त्याला वाटत होतं. आभार मानायचे राहिलेच होते. पण त्यासाठी कुठला शब्द शोधायला हवा, ही टोचणी गेली होती.

मागून मिसेस क्रुकशँक पिशव्या घेऊन आली. "अहो पाहुणे! डॉल्फिन तिकडे उड्या मारतायत. लांबलांबून लोक बघायला येतात, आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसलात?"

"आम्ही बाहेरचे," एफी म्हणाली. "आम्हाला काय कळतं!"

घरी परतल्यावर एफीने बॅगा माळ्यावर चढवू दिल्या नाहीत. खाटेखाली राहू देत, म्हणाली, रोनाकडे जायचंय अजून.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी ती रुग्णालयात दाखल झाली. निघण्यापूर्वी दोघांनी स्वयंपाकघरात चहा घेतला, कडक, तिला लागतो तसा. दुसऱ्या दिवशी वॉटी सकाळीच पोचला, तेव्हा तिला ऑपरेशनला न्यायला माणूस आलेला होता. तो चांगला गप्पिष्ट मुलगा होता. खाट बाहेर काढताना म्हणाला, "या काका, लिफ्टपर्यंत बरोबर या, हात धरा हवं तर."

वॉटीने मान हलवून नको म्हटलं. कॉरिडॉरच्या त्या टोकाला मोठी खिडकी होती. बाहेर पावसाचं आभाळ भरून आलं होतं, म्हणून काच आरशासारखी झाली होती. तो खाटेकडे पाठ करून खिडकीसमोर जाऊन उभा राहिला. मुलाला ते चमत्कारिक वाटलं असणार. काचेत पांढरी खाट सरकत होती, उशीवर एफीचे विस्कटलेले केस दिसत होते. मग तिने मान उचलून त्याच्याकडे बघितलं, त्याच्या पाठीकडे, आणि ती हसली. काचेत ते त्याला स्वच्छ दिसलं.

लिफ्टचं दार उघडलं तेव्हा तिचा आवाज आला.

"वॉटी! कालचे चहाचे कप विसळलेस का रे?"

वॉटी वळला नाही.

"मी काय खुळा आहे?" तो काचेला म्हणाला.