उट्रेख्तचे एकोणतीस तास

ग्लेनिस स्टॅदर्सला कधी रिकामी बसलेली पाहिलीत तर मला येऊन सांगा, चहा माझ्याकडून. इंग्लंडातल्या हल शहरातल्या बस डेपोत ती एकतीस वर्षं ड्रायव्हरांच्या ड्युट्या लावते आहे. कोणती गाडी कोणी किती वाजून किती मिनिटांनी काढायची, कोणाची सुट्टी कधी, कोणाचं लायसन कधी संपतंय, सगळं तिच्या टेबलावर. ब्लेंकिन नावाचा जुना ड्रायव्हर तिला चिडवायचा, "ग्लेनिसबाई, माझ्या बायकोला माझा वाढदिवस आठवत नाही. पण माझ्या लायसनची तारीख तुम्ही झोपेतही सांगाल."

"वाढदिवस चुकला तर केक राहील रे," ती म्हणायची. "लायसन चुकलं तर तुझी सातची गाडी कोण काढणार, तुझी बायको?"

चार वर्षांपूर्वी नवरा गेला, तेव्हापासून तर बाईच्या पायाला भिंगरीच लागली. एकुलती एक मुलगी कोरिन, हॉस्पिटलात नर्स. ती आणि तिचा नवरा डीन गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतात. फेब्रुवारीतल्या एका रविवारी दोघं जेवायला आली होती. बटाटे वाढून झाले आणि कोरिन म्हणाली, "आई, आम्ही न्यूझीलंडला चाललोय. दोघांनाही नोकऱ्या मिळाल्यात. जुलैत निघायचं."

ग्लेनिसच्या हातातलं ग्रेव्हीचं भांडं क्षणभर तसंच राहिलं. मग ती म्हणाली, "विमान कुठून आहे? मँचेस्टर की लंडन? लंडन असेल तर शुक्रवारी निघू नका, रस्त्याची कामं चाललीत."

आता तिला लगेच बोल लावू नका. आमच्याकडे असंच आहे. माणूस मेला तरी जमलेली मंडळी आधी विचारतात, कुठल्या रस्त्याने आलात, पुलावर गर्दी होती का. पोटातलं बोलायची वेळ आली की आम्ही सगळे रस्त्यांवर उतरतो. पण ग्लेनिसच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती, आणि ती तिने नवऱ्यालाही धड सांगितली नव्हती. बाविसाव्या वर्षी तिला एका प्रवासी जहाजावर नोकरी लागली होती. पेटी भरून झाली होती. तिची आई स्वयंपाकघरात रडत बसली, "जाऊ नकोस गं," एवढंच म्हणत राहिली, आणि ग्लेनिसने पेटी रिकामी केली. त्या दोन शब्दांचा राग तिच्या मनात अजून धगधगत होता. आपल्या पोरीच्या पायात आपण ते घालायचे नाहीत, हे तिने त्या रविवारीच, भांडी विसळता विसळता, ठरवून टाकलं.

मे महिन्यात कोरिनचा फोन आला. "आई, जायच्या आधी आपण दोघीच कुठेतरी जाऊ या. शनिवार-रविवार. डीन नाही, कोणी नाही. कालव्याकाठी बसू, बिअर पिऊ, गप्पा मारू."

गप्पा म्हटल्यावर ग्लेनिस सावध झाली. कसल्या गप्पा, हे न कळायला ती काय कुकुलं बाळ होती? पण नाही कसं म्हणणार? तिने एका दमात शहर ठरवलं, हॉलंडमधलं उट्रेख्त. शुक्रवारी संध्याकाळी हलहून बोट, शनिवारी सकाळी रॉटरडॅमचं बंदर, तिथून बस, मग ट्रेन. शनिवारी साडेदहाला पोचायचं, रविवारी साडेतीनला निघायचं. एकोणतीस तास. एकोणतीस तास ते दोन शब्द तोंडातून निघू द्यायचे नाहीत, बस्स. आणि त्याला उपाय एकच, पोरीला तोंड उघडायला सवडच ठेवायची नाही.

मग काय विचारता! तीन आठवडे बाईला ना जेवण गोड लागलं ना एका जागी बसवलं. डेपोत ड्युट्यांचा तक्ता असतो तसाच तक्ता तिने या सहलीचा केला, पाच-पाच मिनिटांच्या रकान्यांचा. दहा चाळीस कॉफी, अकरा दहा कालव्यातली होडी, साडेबाराला पॅनकेक, दीडला घंटेचा मनोरा, पायऱ्या चारशे पासष्ट. पाऊस आला तर दुसरा तक्ता. ट्रेन चुकली तर तिसरा. रात्री नऊ ते दहाच्या रकान्यात काही सापडेना म्हणून ती दोन दिवस अस्वस्थ होती. शेवटी तिथे एका चर्चमधलं ऑर्गनवादन सापडलं. आता ऑर्गन आणि ग्लेनिस! पण तिथे बोलायला मनाई असते, हे तिला पसंत पडलं.

दर दोन दिवसांनी कोरिनला फोन. "तुला मनोरा आधी हवा की जेवण?"

"आई, मला बसायचंय गं. नुसतं बसायचंय. त्या शहरात खाली अगदी पाण्याच्या पातळीवर टेबलं मांडलेली असतात म्हणे. तिथे."

"ठेवलंय की. चार ते चार वीस."

"वीस मिनिटं?"

"चार वीसला चीजचं दुकान आहे."

मग कोरिन म्हणाली, "बरं. तुझा पासपोर्ट बघितलास का? परवा मला फोटो पाठव, मी बघते. हल्ली त्यांचे नियम..."

"तू मला तारखा शिकवणार?" ग्लेनिस फणकारली. "दोनशे ड्रायव्हरांची लायसनं मी डोळ्यांत तेल घालून सांभाळते. जानेवारीपर्यंत आहे माझा. तू तुझी बॅग भर." आणि ताडकन फोन ठेवला.

चौदा जूनचा शुक्रवार उजाडला तोच ऊन घेऊन. ग्लेनिसने सकाळपासून गॅस तीनदा तपासला, मागचं दार चारदा. अंड्याची सँडविचेस केली, थर्मास भरला, पुन्हा ओतून पुन्हा भरला. पाचला निघायचं म्हणून साडेचारलाच ती गाडीत जाऊन बसली होती आणि कोरिन आली तेव्हा हॉर्न वाजवत होती. कोरिन म्हणाली, "अगं, बोट साडेआठला सुटते!"

"पुलावर गर्दी असते."

पुलावर चिटपाखरू नव्हतं. बंदरावर गाडी लावून दोघी पासपोर्ट तपासायच्या खिडकीशी गेल्या तेव्हा त्यांच्या पुढे फक्त एक म्हातारं जोडपं होतं. खिडकीमागे लाल लिपस्टिकवाली, हलचीच, बोलघेवडी बाई. तिने कोरिनचा पासपोर्ट बघून परत दिला. ग्लेनिसचा उघडला, पान उलटलं, पुन्हा मागे आली.

"बाई, हा दोन हजार चौदाच्या मे महिन्यात काढलेला आहे."

"आणि जानेवारीपर्यंत चालतो. तिथे लिहिलंय."

"आपल्याकडे चालतो हो. तिकडे नाही चालत. तिकडे उतरायच्या दिवशी पासपोर्टला दहा वर्षं झालेली चालत नाहीत. याला होऊन पंधरा-सोळा दिवस झाले." तिचा स्वर मऊ झाला. "तुम्ही जुना पासपोर्ट संपायच्या आधीच नवा काढला असणार. त्याचे उरलेले आठ महिने तेव्हा आपल्या लोकांनी यात घालून दिले. आपण युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून ते लोक वरचे महिने मोजत नाहीत. दर आठवड्याला असे एक-दोन येतातच. वाईट वाटतं हो मला."

असे एक-दोन! ग्लेनिस स्टॅदर्स त्या एका-दोघांत! तिचे कान तापले. संपायच्या तारखेचा तो आकडा तिने दहादा वाचला होता, आणि वरचा, काढल्याचा दिवस, एकदाही नाही, कारण लायसनवर नेहमी संपायचीच तारीख बघायची असते. ती बाजूला झाली. मग एकदम तक्त्यांची फाईल काढून कोरिनच्या हातात कोंबायला लागली. "तू जा. तुझं सगळं व्यवस्थित आहे. बसचा थांबा दुसऱ्या पानावर..."

"एकटी जाऊन मी चारशे पासष्ट पायऱ्या चढू?" कोरिन म्हणाली. "चल, गाडीत बसू."

गाडीत बसल्यावर आधी भांडण झालं. व्हायलाच हवं होतं.

"मी फोटो मागितला होता. मागितला होता की नाही?"

"मागितला होतास."

"आणि युरोपातून बाहेर पडायला मत कोणी दिलं होतं?"

"तुझ्या बाबांनी! मी त्या दिवशी दोन पाळ्या केल्या, मला मत द्यायला वेळ होता का?"

यावर कोरिनला हसू फुटलं, आणि ग्लेनिसलाही. पण कोरिनचं हसू लवकर थांबलं. घरी निघायचं नाव कोणीच घेतलं नाही; आठ वाजत आले, समोर बोटीत एकेक गाडी चढत होती. ग्लेनिस म्हणाली, "सँडविच खा. नाहीतर असं करू, उद्या सकाळी सव्वानऊची ट्रेन आहे यॉर्कला, तिथेही नदी..."

"आई, पुरे."

"मी फक्त म्हणते..."

"तू काहीच म्हणत नाहीस! फेब्रुवारीपासून मी वाट बघतेय. डीनची आई तीन दिवस जेवली नाही, आम्हाला काय वाट्टेल ते बोलली. आणि तू विचारलंस, विमान कुठून आहे. एकदाही म्हणाली नाहीस, जाऊ नकोस." कोरिन पूर्ण तिच्याकडे वळली. "मला वाटायला लागलं, बाबा गेल्यापासून तुझ्या वेळापत्रकात माझी अडचणच होतेय. गेले तर बरंच."

हे असं काही पोरीच्या डोक्यात असेल, हे ग्लेनिसच्या तीनपैकी एकाही तक्त्यात नव्हतं. मग तिने सांगितलं. जहाजावरची नोकरी, भरलेली पेटी, स्वयंपाकघरात रडणारी आई, सगळं. सांगताना तिचे हात मांडीवरच्या थर्मासचं झाकण लावत होते, काढत होते. "मी तिला शेवटपर्यंत माफ केलं नाही, कोरिन. तूही मला कधी माफ करू नयेस, हे मला झेपलं नसतं."

"मला माहीत नव्हतं," कोरिन म्हणाली.

"मी म्हटलं असतं तर राहिली असतीस?"

कोरिनने विचार केला. खोटं बोलणं तिला येत नाही, बापावर गेली आहे. "नाही."

"मग म्हणून काय उपयोग?"

"मला ऐकायचं होतं, आई."

बोटीचा मागचा दरवाजा वर ओढला जात होता. ग्लेनिसने घड्याळाकडे पाहिलं नाही. थर्मास पायाशी ठेवला. तोंड दोनदा उघडलं, दोनदा मिटलं, आणि मग जे निघालं ते तिच्या आईच्याच आवाजात निघालं.

"जाऊ नकोस गं."

कोरिनने तिचा हात घट्ट धरला. दोघींच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"जाणार आहे, आई."

"माहीत आहे मला," ग्लेनिस म्हणाली. "जाऊ नकोस." ती ते पुन्हा म्हणाली, मग आणखी एकदा, आणि कोरिनने तिला एकदाही थांबवलं नाही.