कुठले पाटील?

"फ्लॅट काल संध्याकाळीच गेला हो," साहेब म्हणाले. त्याच फ्लॅटची किल्ली त्यांच्या हातात होती.

आम्ही कराडला तिसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या हॉलमध्ये उभे होतो. नळ बदलून घेतलेत, पार्टी घेऊन या, असं ह्याच साहेबांनी मला सकाळी फोनवर सांगितलं होतं. आता ते माझ्या खांद्यावरून ग्रेस पाटीलकडे बघत होते. किल्ली हातात ठेवावी की खिशात घालावी, हे त्यांना ठरवता येईना.

तेवढ्यात शेजारच्या दारातून त्यांच्या मिसेस ताट घेऊन आल्या. त्यांनी ग्रेसला हळदकुंकू लावलं आणि तांदूळ, खण, नारळ घालून तिची ओटी भरली. ग्रेसने सरावाने ओढणी पसरून सगळं घेतलं आणि वाकून नमस्कार केला. घर द्यायचं नव्हतं, पण दारात आलेल्या सवाष्णीला रिकाम्या हाताने परत पाठवायचं हेही त्यांना पटत नव्हतं. आमच्याकडची माणसं अशी आहेत.

नारळ मी डिकीत टाकला. तिथे साताऱ्याचा नारळ आधीपासून होता.

मी तांबोळी. सांगलीत विश्रामबागेला माझं इस्टेट एजन्सीचं छोटं ऑफिस आहे. घर भाड्याने घेणाऱ्याला आमच्या धंद्यात पार्टी म्हणतात. मालकाला फोन केला की तो आधी पार्टीचं आडनाव विचारतो, घराचं भाडं नंतर. सांगली भागात पाटील मराठा असतात, जैन असतात, लिंगायत असतात, मुसलमानही असतात. त्यामुळे पाटील म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच, कुठले पाटील? त्यानंतर, आपल्यातलेच ना? आता हे 'आपल्यातले' म्हणजे कोण, ते मालकागणिक बदलतं. ते बरोबर ओळखणं हाच माझा धंदा. विश्रामबागेतल्या कितीतरी सोसायट्यांत मी भाडेकरू बसवलेत. त्यांतल्या बहुतेक ठिकाणी मला स्वतःला घर मिळालं नसतं. ह्याचं वाईट वाटतं. फक्त ऑफिसच्या वेळेत वाटून घेत नाही.

विक्रम पाटील कुंडलचा. माझी सासुरवाडी कुंडल, म्हणून तो मला दाजी म्हणतो. आमच्याकडची पोरं साखर कारखान्यात शिकून पार आफ्रिकेत जातात. तिकडेही ऊस आहे, कारखाने आहेत. विक्रम केनियात चीफ केमिस्ट होता. ग्रेस तिथल्या शाळेत गणित शिकवायची. दोघांनी लग्न केलं, मुलगी झाली. तिचं नाव अकिनी. कुंडलच्या आजीला ते जमेना, म्हणून तिने आक्का करून टाकलं. आता आजी थकली होती आणि विक्रमला इकडच्या कारखान्यात नोकरी मिळाली होती. कारखाना मधल्या पट्ट्यात, त्यामुळे सातारा, कराड, सांगली, कुठेही राहून जमण्यासारखं होतं. कुठे राहायचं हे ग्रेस ठरवणार होती.

तिने विक्रमला स्पष्ट सांगितलं होतं. ह्या खेपेला घर बघायचं. पोरीला राहता येईल असं गाव सापडलं तर राहायचं, नाही तर ती पोरीला घेऊन केनियाला, किसुमूला परत जाणार. विक्रमने काय करायचं ते विक्रमने बघावं. परतीचं तिकीट तिच्या पर्समध्ये होतं.

हे सगळं विक्रमने मला पेट्रोलपंपावर, ग्रेस पाणी आणायला गेली तेव्हा सांगितलं. कारणही सांगितलं. कुंडलात एका लग्नात कुणा मावशीने अकिनीला जवळ घेतलं, लाड केले आणि रोज डाळीचं पीठ लावत जा, उजळशील, म्हणून मायेने सल्ला दिला. पोरगी घरी आली आणि पीठ कुठल्या डब्यात असतं ते आईला विचारायला लागली.

"दाजी, बायको गेली तर मी हितं साखरंचं पोतं धरून बसू का?" विक्रम म्हणाला. एवढा मोठा माणूस, बॉयलरसमोर उभा राहून दोनशे कामगारांना हाक मारणारा, पण हे त्याने डिझेलच्या नळीकडे बघत सांगितलं. मला माझं ब्रोकरेज आठवेनासं झालं.

साताऱ्याला आम्ही आधीच जाऊन आलो होतो. तिथल्या एजंटने सुचवलेलं घर एका निवृत्त सुभेदारांचं होतं. सुभेदार पूर्वी शांतिसेनेत काँगोला होते. ग्रेसला बघताच त्यांनी जांबो म्हणून कडक सॅल्यूट ठोकला. मग चहा आला, पोहे आले, काँगोचा अल्बम आला. ग्रेस त्यांच्याशी स्वाहिलीत बोलली. तुमचं स्वाहिली माझ्या नवऱ्यापेक्षा चांगलं आहे, असंही म्हणाली. विक्रमला ते फारसं आवडलं नाही, पण घर मिळतंय म्हटल्यावर तो हसला. निघताना सुभेदारांनी मला गॅलरीत घेतलं. "मला चालतंय ओ. मी त्या लोकांच्यात ऱ्हायलोय. पर सोसायटी ऐकायची न्हाई," म्हणाले. आत त्यांच्या मिसेस ओटी भरत होत्या.

मी इतकी वर्षं धंदा करतोय, पण ही सोसायटी नावाची व्यक्ती मला अजून कुठे भेटलेली नाही. चेअरमनना विचारा, त्यांना चालतं. सेक्रेटरींना चालतं. वरच्या काकूंनाही चालतं. सोसायटीला मात्र चालत नाही.

कराडहून सांगलीच्या रस्त्याला लागलो. अकिनी कुंडलला आजीकडे होती, गाडीत आम्ही तिघंच. ताकारीच्या पुढे ग्रेसने तोंड उघडलं. ग्रेसचं मराठी सासूकडून आलेलं, व्हिडिओ कॉलवर शिकलेलं. म्हणजे अस्सल कुंडलचं.

"दाजी, त्या मानसाला आधी सांगितलं व्हतं का, मी कोन हाय ते?"

मी नाही म्हणालो. मग आमची पद्धत समजावली. फोनवर पार्टीचं थोडं झाकून ठेवायचं. कुंडलचे पाटील, तीन माणसं, फॅमिली, एवढंच सांगायचं. माणूस समोर आला की मालकाला भीड पडते.

"त्याला भीड पडली न्हाई. घाम फुटला," ग्रेस म्हणाली. "आता आधी सांगायचं."

मी म्हणालो की वहिनी, आधी सांगितलं तर अर्धे फोनवरच नाही म्हणतील. ती म्हणाली, म्हणू द्या, निदान नारळ तरी उचलावे लागणार नाहीत. मग तिने सहज विचारलं, मी कुठे राहतो. खणभागात, मी म्हणालो. विश्रामबागेत ऑफिस असताना तिथे का राहत नाही, हा पुढचा प्रश्न होताच. एजंटने आपल्या एरियाची निंदा पार्टीपुढे करायची नसते. पण ती मागच्या सीटवरून आरशात थेट माझ्या डोळ्यांत बघत होती. मी सांगून टाकलं. पाटलांना निदान कुठले म्हणून विचारतात, तांबोळी म्हटलं की मुसलमान हे कळतंच, प्रश्न आडनावापाशीच संपतो.

ग्रेसने पुढच्या सीटची पाठ धरली. मग म्हणाली, "म्हंजे तुमी मला अशा घरात नेताय, जिथं तुमास्नी कोन घेत न्हाई?"

विक्रम खिडकीबाहेर उसाकडे बघत राहिला. मी गाडी बाजूला घेतली, फोन स्पीकरवर ठेवला आणि तिच्यासमोर एकेका मालकाला खरं सांगायला सुरुवात केली.

पहिल्याने केनिया ऐकलं आणि व्हेज आहेत का विचारलं. मी नाही म्हणालो, त्याचा जीव भांड्यात पडला. त्याला नाही म्हणायला सोपं कारण मिळालं होतं. दुसऱ्याने त्या ख्रिश्चन आहेत का विचारून मिरजेला मिशन हॉस्पिटलजवळ बघायला सांगितलं. तिसरा म्हणाला की त्याला परदेशी लोक फार आवडतात, युरोपातले कुणी असतील तर आधी त्याला कळवा. ग्रेस मागे हसत होती. ते हसणं काही बरं नव्हतं.

मग चौगुले बाई. विश्रामबागेतल्या निवृत्त मुख्याध्यापिका. स्वतःच्या बंगल्यात वर त्या आणि त्यांचे मिस्टर राहतात, खालचे दोन फ्लॅट भाड्याने देतात. मी नेहमीसारखं पाटील म्हणालो, त्यांनी नेहमीसारखं कुठले म्हणून विचारलं.

"पाटील कुंडलचे. बाई, मिसेस केनियाच्या आहेत, आफ्रिकेतल्या. आधीच सांगतो."

"मिसेसचं राहू द्या," बाई म्हणाल्या. "कुंडलचे म्हणालात का?"

झालं असं, की बाईंच्या धाकट्या बहिणीचं लग्न पूर्वी कुंडलात ठरलं होतं. साखरपुडा झाल्यावर कुंडलकरांनी ते मोडलं. बहिणीचं पुढे दुसरीकडे छान झालं, नातवंडं आली, पण बाईंनी त्या दिवसापासून कुंडलच्या माणसाला घरात पाऊल टाकू दिलं नव्हतं. भाडेकरू दूर राहिला, कुंडलची द्राक्षंसुद्धा त्यांच्याकडे येत नाहीत.

विक्रमचा चेहरा बघण्यासारखा झाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणी तो जिथला आहे त्यासाठी नाकारत होतं. ग्रेस पुढे वाकली आणि फोनमध्ये म्हणाली की तिचा साखरपुडा मोडलेला नाही, तर ती एकटी येऊन घर बघू शकते का. बाईंनी क्षणभर विचार केला. "तुम्ही या. त्यांना गेटबाहेर उभं करा."

तर असं झालं. विक्रम पाटील, चीफ केमिस्ट, विश्रामबागेत गेटबाहेर उन्हात उभा राहिला आणि आम्ही दोघं वर गेलो.

बाईंनी ग्रेसला नीट, बराच वेळ बघितलं. चोरून नाही, समोर बसून. वेण्या स्वतः घालता का, किती वेळ लागतो, धुता कशा, हे विचारून घेतलं. ग्रेसने सगळं सांगितलं. तिचं बोलणं ऐकून बाई मात्र कळवळल्या. केसांचं नव्हे, रंगाचं नव्हे, त्यांना ते बोलणं सोसवेना.

"हाय नव्हे, आहे म्हणा. किती छान बोलता, पण शिकवलं कुणी हे असं?"

"सासूबाईंनी. कुंडलात."

"तरीच," बाई म्हणाल्या.

मग बाई आम्हाला खालचा फ्लॅट दाखवायला घेऊन आल्या. तिथे मी कागदपत्रांचं सांगितलं. परदेशी भाडेकरू असला की पोलिसांत कळवावं लागतं, तेही काही झाकलं नाही. बाईंनी विचारलं की कुंडलच्या माणसाचंही पोलिसांत कळवता येतं का. त्या गंमत करत नव्हत्या.

मग ग्रेसने घर बघायचं सोडलं आणि जे विचारायला ती इतक्या लांब आली होती ते विचारलं. पोरीला इथे शाळेत चिडवतील का?

आता ह्या प्रश्नाला मी गेले काही दिवस सगळीकडे उत्तर ऐकत होतो. सुभेदार म्हणाले होते छे छे, साताऱ्याचे लोक फार सुसंस्कृत. कराडच्या साहेबांनी किल्ली फिरवत तेच सांगितलं होतं. मी डोळ्यांनी बाईंना खुणावत होतो, की नाही म्हणा.

"चिडवतील," बाई म्हणाल्या. "मी शाळेत आयुष्य काढलं. जाड्या पोराला चिडवतात, तोतऱ्याला चिडवतात. तुमच्या मुलीला तर आल्या दिवशी चिडवतील. खोटं कशाला सांगू? पण शाळा गल्लीच्या टोकाला आहे आणि तिथल्या निम्म्या मास्तरांना मी शिकवलंय. कोण काय बोललं ते मला येऊन सांगायचं. पुढचं मी बघते."

ग्रेसच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायची तिने खटपट केली नाही. मलाही भरून आलं, म्हणून मी नळ सोडून बघायला स्वयंपाकघरात गेलो.

परत आलो तर ती माझ्याकडे बोट दाखवत होती. "आनि बाई, ह्या दाजींस्नी दिलं असतं का घर?"

असा प्रश्न पार्टीने विचारायचा नसतो. मी पंख्याकडे बघू लागलो. बाईंनी चष्मा काढून पुसला.

"त्यांनी कधी मागितलंच नाही."

मी म्हणालो की बाई, उत्तर ठाऊक असताना कशाला मागायचं.

"तुम्हाला ठाऊक होतं का? मला तर नव्हतं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी विषय कराराकडे नेला. करार ग्रेसच्या नावाने करायचा. सोबत पती राहणार आहेत, एवढं खाली लिहायचं, गावाचं नाव घालायचं नाही.

बोलणं संपल्यावर ग्रेसने सवयीने ओढणी पसरली. सातारा आणि कराडने तिला चांगलं तयार केलं होतं. ती तशीच उभी राहिली. बाईंना आधी कळेना, कळलं तेव्हा त्या हसल्या.

"अगं, ओटी परत निघालेल्या पाहुणीची भरतात. तू कुठं निघालीस?"

ग्रेसने ओढणी खाली सोडली. गेटबाहेर येऊन तिने विक्रमला बातमी दिली, ते तिकीट पर्समधून काढलं आणि त्याच्या शर्टाच्या खिशात कोंबलं.

आता ते तिथेच राहतात. अकिनीला चिडवलं, आल्या दिवशीच. बाई शाळेत गेल्या. काय बोलल्या ते माहीत नाही, पण चिडवणाऱ्या पोराची आई संध्याकाळी शेवयाची खीर घेऊन आली. पुन्हा चिडवलं, बाई पुन्हा गेल्या. विक्रमला बाई अजून नावाने हाक मारत नाहीत, कुंडलकर म्हणतात. तो जिन्यात त्यांना बघितलं की भिंतीला चिकटतो.

मी तेव्हापासून फोनवरच पार्टीचं सगळं खरं सांगतो. नकार वाढलेत, फेऱ्या कमी झाल्यात, डिझेल वाचतं.

मागच्या महिन्यात बाईंचा दुसरा फ्लॅट रिकामा झाला. मी मन घट्ट केलं आणि फोन लावला. पार्टी कोण, त्यांनी विचारलं. तांबोळी, मी म्हणालो, खणभागातले, आम्हीच. बाईंनी अजिबात वेळ घेतला नाही. "या की मग, मिसेसना घेऊन या," म्हणाल्या. मी फोन ठेवणार होतो. पण नियम मीच केला होता.

"बाई, आधीच सांगतो. मिसेसचं माहेर कुंडल आहे."

पलीकडे चष्मा टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"सोसायटीला विचारून कळवते," बाई म्हणाल्या.

त्यांच्या बंगल्याला सोसायटी नाही. वर त्या आणि मिस्टर, खाली ग्रेस. अजून नारळ आलेला नाही, त्यामुळे मी आशा सोडलेली नाही.