ताईच्या माळावर झाडं नकोत

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी नागपुरात सदरमधल्या ऑफिसात एका बिल्डरशी जमिनीच्या भावावरून भांडत होतो. सौदा तसाच टाकून उठलो... आयुष्यात पहिल्यांदा.

कुसुमताई माझी थोरली बहीण. कळमेश्वरच्या पलीकडे तिचा गवताळ माळ. पावसाळ्यात तिथं तणमोर यायचा. कोंबडीएवढा, लांब पायांचा पक्षी. नर गवतातून उसळ्या मारून मादीला बोलवायचा; मादी जमिनीवरच अंडी घालायची. हा पक्षी आता संपत चालला आहे, कारण त्याला मोकळं गवत लागतं आणि मोकळं गवत दिसलं की माणसाला ती जागा रिकामी वाटते. प्लॉट विकत विकत मी शून्यातून वर आलो, भल्याभल्यांना भावात वाकवलं. ताई मात्र वाकली नाही.

"गवताचं का करतं वं ताई? सोन्याचा भाव आला आहे."

"पाखरू येते तिथं."

"दोन पावसाळे झाले, कुठं आलं?"

"पाहुणा नाही आला म्हून त्याची खोली भाड्यानं देऊ काय? चहा पे गुमान, दलाल कुठला!"

माळावर बाभूळ उगवली की ती स्वतः उपटायची. झाडावर ससाणे बसतात, पिल्लं उचलतात, सावलीनं गवत मरतं, हे तिनं मला शंभरदा ऐकवलं होतं.

आणि शोकसभेत काय ठरलं? त्याच माळावर झाडं लावून तिच्या नावाचं स्मृतिवन करायचं! टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या! जे कधी तिच्या बांधावर उभे राहिले नाहीत, ते सगळे भरभरून बोलले आणि तिचा मुलगा सुधीर भारावून हो म्हणाला. ताई असताना पैसे मोजून जमीन मागणारा मी लोभी. ती गेल्यावर फुकटात माळ गिळणारे हे निसर्गप्रेमी!

परवा रोपांचा टेम्पो आला. मी फाटक अडवून उभा राहिलो.

"मामाजी, लोक जमले आहेत," सुधीर दबक्या आवाजात म्हणाला. "तमाशा काहून करून राहिले? झाडंच तर लावून राहिलो."

"लाव ना! रस्त्याच्या कडेनं लाव, माझ्या प्लॉटांच्या लेआउटमध्ये लाव, पाणी मी घालतो. इथं एक खड्डा खोदला तर याद राख."

"आईच्या नावानं काहीतरी उभं राहिलं पाहिजे ना..."

"तुझ्या मायनं जनमभर इथं काही उभं राहू दिलं नाही, बाबा. तेच तिचं काम होतं."

सुधीरनं माळाकडे पाहिलं. मग त्यानं हात करून टेम्पो माझ्या लेआउटकडे वळवला. जमलेले लोक कुरकुरत पांगले. पुढल्या वर्षी दुसरे कुणी रोपं घेऊन येतील. येऊ द्या, मी आहे.

फाटकापासून ताईच्या घराची पायवाट माळातून सरळ जाते. पावसाळ्यात गवतात अंडी असतील म्हणून ताई ती कधी वापरत नसे. गुडघे दुखत असले तरी बांधावरून लांबचा वळसा घ्यायची. सुधीर पायवाटेच्या तोंडाशी आला, थबकला आणि बांधाकडे वळला. चपला हातात घेऊन मीही चिखलातून त्याच्या मागं निघालो.